कर्ण्यातून न उमटलेले नाव

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. एका बाजूला अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद आणि मधे पोकळ. मला स्वतःचा आवाज नाही. कोणी अरुंद तोंडाशी ओठ लावून बोलले, की ते बोलणे मोठे करून लांब पोचवायचे, एवढेच माझे काम. जन्मभर मी दुसऱ्यांचेच बोलणे बोललो. आज मात्र माझे स्वतःचे चार शब्द ऐका.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. दुकान कसले, बोळाच्या तोंडाशी एक खोली. बाहेर बादल्या आणि डबे टांगलेले, आत ठाकठोक. एके सकाळी तिथे एक उंच, शिडशिडीत गृहस्थ आले. नदीवरच्या बोट क्लबात ते मुलामुलींना वल्हवायला शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा एक कर्णा होता. पाण्याने भिजून त्याचा पार लगदा झाला होता.

"हे असलंच, पण पत्र्याचं करून द्या," मास्तर म्हणाले.

पत्रेवाल्याने तो लगदा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे नरसाळंच की! काय ओतायचंय यातून?"

"राग," मास्तर म्हणाले. "बोटीतल्या पोरांवर."

पत्रेवाला पोट धरून हसला. मग त्याने पत्रा कापला, वाकवला, सांध्यावर डाख दिला, कड दुमडून गुळगुळीत केली आणि धरायला एक कडी बसवली. मास्तरांनी तिथेच मला तोंडाला लावून "एक साथ!" अशी आरोळी ठोकली. समोरच्या दुकानातला शिंपी कैची टाकून बाहेर धावत आला. माझ्या अंगभर झिणझिण्या आल्या. आपल्यात इतके बळ आहे, हे मला तेव्हाच कळले.

तेव्हापासून माझी नोकरी सुरू झाली. उजाडले की बोटी पाण्यात उतरत. मास्तर काठावरच्या रस्त्याने सायकल हाकत. एक हात सायकलवर, दुसऱ्या हातात मी. "पाठ सरळ! वल्हं पाण्यात बुडव, पाण्याला गुदगुल्या करू नकोस! तीन नंबर, झोपलीस का?" मास्तर असे बोलत, की ऐकणाऱ्याला राग यायच्या आधी हसू येई. पलीकडच्या काठावरची माणसे आमच्या ओरडण्यावर घड्याळ लावत.

त्या बोटींपैकी एकीत चिमणी होती. ती अंगाने इतकी लहान, की सगळे तिला याच नावाने हाक मारत. तिचे काम सुकाणू धरायचे. वल्हवणारे सगळे पाठमोरे बसतात. पुढची वाट फक्त सुकाणू धरणाऱ्याला दिसते. पहिल्यांदा सुकाणू धरले तेव्हा पुढचे पाणी बघून चिमणी घाबरून रडली होती. मास्तर काठावरून माझ्यातून म्हणाले, "रड, पण सुकाणू सोडू नकोस. रडतानाही दिसतं सगळं." आणि ती रडत रडत बोट धक्क्याला घेऊन आली.

धक्क्यावर काकू उभ्या असत. काकू म्हणजे मास्तरांची बायको. त्यांना कोणी नेमले नव्हते, पगार नव्हता, पण त्या नसत्या तर क्लब एक दिवस चालला नसता. त्या तरंगजाकिटांचे उसवलेले पट्टे शिवत. ओली जाकिटे दोरीवर वाळत घालत आणि प्रत्येकाचे बक्कल ओढून बघत. वल्ह्यांनी मुलांच्या तळहातांना फोड येत, ते धुऊन त्यांवर कापडाच्या पट्ट्या बांधत. शर्यतीच्या दिवशी सगळ्यांची घड्याळे, चष्मे, कानातले त्यांच्याच पिशवीत असायचे. चिमणी भिजून कुडकुडत आली, की काकू तिला घोंगडीत गुंडाळत आणि मास्तरांना म्हणत, "अहो, जरा हळू ओरडा. पोर बोटीत आहे, चंद्रावर नाही. आणि घसा तुमचाच आहे, उसना नाही आणलेला."

मास्तर हसत आणि पुन्हा ओरडत.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मानाचा दिवस म्हणजे वार्षिक गौरव समारंभ. नदीकाठी आमच्यासारखे आणखी काही क्लब होते. वर्षातून एकदा सगळे एका सभागृहात जमत. उत्तम वल्हेकरी, उत्तम प्रशिक्षक आणि उत्तम स्वयंसेवक यांची नावे पुकारली जात. ती मास्तरच पुकारत, आणि तीही माझ्यातून. पुढे सभागृहात ध्वनिक्षेपक आला, तरी लोक म्हणत, "छे, कर्णाच हवा!" त्या दिवसाआधी काकू मला चिंच लावून घासत. मी चांदीसारखा चमकत असे.

मास्तर सुरुवात नेहमी एकाच वाक्याने करत. "वल्हवणाऱ्याची नाव पुढे जाते आणि काठावरच्याचं नाव मागे राहतं. म्हणून आज काठावरच्यांची नावं आधी!" दरवर्षी तेच वाक्य, आणि दरवर्षी लोक नव्याने हसत. मग ते स्वयंसेवकाचे नाव पुकारत. कधी बचाव-होडी चालवणारा, कधी वल्ही दुरुस्त करणारा सुतार, कधी शर्यतीत वेळ मोजणारी शाळेतली बाई. नाव माझ्यातून असे घुमत जाई, की ज्याचे त्याला स्वतःलाच ते नवे वाटे. सुतार तर एकदा जागेवरून उठेचना. "माझंच का?" म्हणून शेजाऱ्याला विचारत बसला.

काकूंचे नाव मात्र माझ्यातून कधी गेले नाही.

ते सुचवले जात नव्हते असे नाही. समितीतले कोणी ना कोणी दरवर्षी म्हणे, "मास्तर, यंदा काकूंना द्यायला हवं." मास्तर हात झटकत. "छे, छे! पुकारणार मी आणि नाव घेणार माझ्याच बायकोचं? लोक म्हणतील, मास्तरांनी बक्षीस घरी नेलं. घरच्या माणसाला कसलं आलंय बक्षीस!" एकदा हे बोलणे चालू असताना काकू शेजारच्या खोलीत कपबशा लावत होत्या. मधला दरवाजा उघडाच होता.

घरी आल्यावर मास्तरांनी विचारले, "तुला वाईट वाटलं का गं?"

"मला कशाला वाटेल?" काकू म्हणाल्या. "टाळ्या वाजवायलाही कोणीतरी लागतंच."

त्या मला पुसून खुंटीला लावत होत्या. रोजच्यापेक्षा जरा जोरात पुसले त्यांनी. मास्तरांना ते कळले नाही. मला कळले.

वर्षे गेली. चिमणी मोठी झाली, तिचे लग्न झाले, आणि ती आमच्याच क्लबात प्रशिक्षक झाली. मास्तरांचे केस पिकले. आवाज मात्र हळूहळू बसू लागला. सगळ्यांना वाटले, ओरडून ओरडून बसला असेल. काकू डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागल्या. "शर्यती होऊ देत," असे म्हणून मास्तरांनी तो हंगाम काढला. मग गिळताना दुखू लागले, तेव्हा गेले. घशात गाठ होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "ऑपरेशन केलं तर जीव वाचेल. पण आवाज राहणार नाही."

दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी काकू घरी पिशवी भरून तयार बसल्या होत्या. मास्तर मला घेऊन धक्क्यावर गेले. बोटी पाण्यात होत्या. त्यांनी एकेका बोटीला हाक मारली. प्रत्येकाची चूक सांगितली, कोणाचे मनगट, कोणाची पाठ. आवाज घोगरा होता, फाटत होता, तरी होता तेवढा सगळा मी पलीकडे नेला. चिमणीला म्हणाले, "आता तू ओरडायचंस." घरून निघायची वेळ टळून गेली, तरी त्यांचा पाय निघेना. शेवटी काकूच गाडी घेऊन धक्क्यावर आल्या.

गाडीत मी मास्तरांच्या मांडीवर होतो. दवाखान्याचे फाटक दिसल्यावर मास्तर काकूंकडे वळले.

"अगं, तुला एक सांगायचं होतं."

"सांगा ना."

तेवढ्यात गाडी थांबली. परिचारिका चाकाची खुर्ची घेऊन पुढे आली. मास्तर म्हणाले, "थांब, नंतर सांगतो."

मित्रांनो, त्या आवाजाचे ते शेवटचे शब्द.

मास्तर वाचले. गळ्याला एक छिद्र राहिले; श्वास तिथून जाई, तिथूनच येई. घरी एक पाटी आली. तिच्यावर ते खडूने लिहीत, 'चहा', 'खिडकी', 'बोटी निघाल्या का'. एका दुपारी काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त्या दिवशी गाडीत काय सांगणार होतात हो?"

मास्तरांनी पाटी घेतली. खडू टेकवला. तो तसाच राहिला. मग लिहिले, 'विसरलो.' ते विसरले नव्हते. जे आयुष्यभर तोंडाने म्हणायचे राहिले, ते पाटीवर लिहून काकूंसमोर धरायची त्यांना लाज वाटली असावी. काकूंनी पाटी पुसली आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली.

त्या वर्षी समारंभ जवळ आला तेव्हा चिमणी घरी आली. काकू बाजारात गेल्या होत्या. चिमणी म्हणाली, "मास्तर, यंदा स्वयंसेवकाचा मान काकूंना द्यायचं ठरलंय. तुम्ही नाही म्हणालात तरी ऐकणार नाही." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. मास्तर हसले आणि पाटीवर लिहिले, 'नाव मी घेणार.'

"कसं?"

त्यांनी माझ्याकडे बोट केले.

त्यानंतर काकू बाहेर गेल्या, की मास्तर मला घेऊन परसात जात. छातीतली हवा आता तोंडापर्यंत येत नव्हती. गालात मावेल तेवढी हवा कोंडून ते ओठांनी ती बाहेर ढकलत. 'पक्' असे काहीतरी होई, ओला पापड मोडल्यासारखे. मी जीव ओतला, मित्रांनो. पण असलेला आवाज मी मोठा करतो. नसलेला कुठून आणू? मास्तर घामाघूम होत आणि पुन्हा ओठ लावत.

समारंभाचा दिवस आला. चिंच घेऊन काकू मला घासायला बसल्या. त्यांना काहीच माहीत नव्हते. "यंदा कोण पुकारणार याच्यातून?" त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि तरीही त्यांनी मला लख्ख केले.

सभागृह भरले होते. चिमणी उभी राहिली आणि म्हणाली, "काठावरच्यांची नावं आधी. यंदाचं नाव मास्तर घेतील." मास्तर पायऱ्या चढून वर आले. गळ्याला त्यांनी रुमाल गुंडाळला होता. त्यांनी मला उचलले. गाल फुगले, ओठ हलले.

काही झाले नाही.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मागच्या रांगेतून, ज्याला काही ठाऊक नव्हते असा कोणीतरी ओरडला, "जरा मोठ्यानं!" शेजाऱ्यांनी त्याला गप्प केले, पण शब्द पोचायचा तो पोचला. चिमणी ध्वनिक्षेपकाकडे धावली. मास्तरांनी तिला हातानेच थांबवले. ते पायऱ्या उतरले, आणि काकू बसल्या होत्या त्या रांगेत गेले. माझे रुंद तोंड त्यांनी काकूंच्या कानाशी धरले, अरुंद तोंड स्वतःच्या ओठांशी, आणि डोळे मिटून काकूंचे नाव घेतले.

काकूंनी मला हळूच कानापासून दूर केले आणि म्हणाल्या, "ऐकलं हो. बसा आता."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. वल्हेकरी उभे राहिले, सुतार उभा राहिला. मास्तर काकूंच्या शेजारी बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्या रडण्यालाही आवाज नव्हता.

समारंभ संपल्यावर काकू नेहमीप्रमाणे कपबशा विसळायला आत गेल्या. चिमणी त्यांच्या हातातून कप काढून घेऊ लागली. "काकू, आज तरी राहू द्या! कसं वाटलं तुम्हाला?"

काकूंनी नळ बंद केला नाही. म्हणाल्या, "काही ऐकू आलं नाही गं. नुसती वाफ लागली कानाला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण त्यांना सांगू नकोस."

ओट्याच्या कडेला मी होतो. मला ते आधीच माहीत होते.

पुढच्या हंगामाआधी मास्तर गेले. दुखणे उलटले होते. जाईपर्यंत ते काकूंकडे बघून समाधानाने हसत. आपण सांगितले आणि तिने ऐकले, हे समाधान घेऊन ते गेले. काकूंनी ते मोडू दिले नाही.

आता मी शेडमधल्या कपाटावर पडलो आहे. शेजारी हवा भरायचा पंप आहे, पलीकडे जुने दोर. एकदा खाली पडलो, तेव्हापासून कडेला पोचा आहे, आणि सांध्याला गंज चढतो आहे. बॅटरीवरचे कर्णे आले. बटण दाबले की बोलतात. त्याचे मला दुःख नाही. काकू अजून येतात. जाकिटांचे पट्टे शिवतात, बक्कल ओढून बघतात. नवी मुले त्यांना नुसते "अहो" म्हणून हाक मारतात आणि ओले जाकीट त्यांच्या पुढ्यात टाकून पळतात.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी. मला पुसले नाही तरी चालेल. पण तुमचे ओले जाकीट जे हात वाळत घालतात, तुमच्या तळहातावरचा फोड जे हात बांधतात, ते कोणाचे आहेत हे वर मान करून बघा. त्यांचे नाव विचारा. ते नाव घ्या, आणि समारंभाची वाट बघू नका. ते माणूस अगदी जवळ बसलेले असते. त्याला कर्णा लागत नाही.