मला एकट्याला दिसलेला पेरू

मी एक जुना डिटेक्टर आहे. मित्रांनो, एवढ्यावरून तुमच्या डोळ्यांसमोर काही उभं राहणार नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. जर्मेनियमच्या स्फटिकाचा मुठीएवढा गोळा, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी आणि मागे मला गोठणगार ठेवणारं द्रव नायट्रोजनचं पिंप, एवढाच मी. माझ्याजवळ सांगण्यासारखं फार आहे असं मला स्वतःलाही वाटत नाही.

वितळलेल्या जर्मेनियममधून मला हळूहळू वर ओढून काढलं. मी इतका शुद्ध होतो, की त्या शुद्धतेचा मला थोडा ताठाच होता. मग एका जाड भिंतींच्या खोलीत, माझ्यासारख्याच भावंडांच्या गोल कड्यात मला बसवलं. कड्याच्या मधोमध एक पातळ पत्रा असे. त्यावर वेगवान कणांचा झोत आदळला की दोन अणूंची केंद्रकं जुळून एक जड केंद्रक तयार होई आणि गरगर फिरू लागे. शांत होताना ते गॅमा किरण सोडी. ते किरण टिपायचे आणि त्यांची ऊर्जा अचूक सांगायची, हे आमचं काम.

ऊर्जेवरून आकार कळतो. गोल केंद्रक फिरलं तरी कुणाला उमगत नाही. शेंगेसारखं लांबट असेल, तर त्याचे किरण जिन्याच्या पायऱ्यांसारखे ओळीने येतात. आणि एक टोक जाड, दुसरं निमुळतं असेल, तर दोन जिने शेजारी उभे राहतात, आणि या जिन्यावरून त्या जिन्यावर उड्या मारणारे किरणही दिसतात. त्या आकाराला आमचे सर ‘पेअर’, म्हणजे नासपती, म्हणत. आमच्या पिंपांत नायट्रोजन भरणाऱ्या काकांनी ते ‘पेरू’ ऐकलं, आणि सगळी प्रयोगशाळा पेरूच म्हणू लागली.

सरांची एक विद्यार्थिनी होती. तिचा सगळा प्रबंध एका पेरूवर बेतलेला होता.

“मग, सापडला का पेरू? बिया किती निघाल्या?” काका पाइप लावता लावता विचारत.

“आधी हातात तर येऊ दे, काका. तुम्हाला फोड देते.”

सुरुवातीच्या वर्षांत सगळे माझं कौतुक करत. पण झोतासोबत न्यूट्रॉनही उडतात. त्यांचा मार खाऊन खाऊन माझ्या अंगात बारीक खड्डे पडले. मी टिपलेल्या किरणातलं थोडंसं त्या खड्ड्यांत अडकून राही, आणि मी सांगितलेली ऊर्जा किंचित कमी भरे. सर मला काढायचं म्हणत, पण कड्यात जागा रिकामी नको म्हणून मी तसाच राबत राहिलो. मला फार थकवा आला होता.

त्या विद्यार्थिनीच्या प्रयोगाचे दिवस आले आणि संपले. सगळ्या भावंडांची मिळून काढलेली आलेखरेषा तिने पडद्यावर आणली. एका उंच शिखराच्या डाव्या, म्हणजे कमी ऊर्जेच्या, कुशीला लहानसं टेंगूळ होतं. उडी मारणारा किरण तिथेच यायला हवा होता. ती नुसती हसत होती.

सर मात्र हसले नाहीत. प्रत्येकाचा आलेख वेगळा काढायला त्यांनी सांगितलं. टेंगूळ माझ्याच आलेखात होतं. बाकी कुणाला काही दिसलंच नव्हतं.

“याला वगळून बघ,” सर म्हणाले.

“सर, याला वगळलं तर माझा पेरू जातो.”

“जाऊ दे. एकट्यालाच दिसतो तो पेरू नसतो, भास असतो.”

तिने मला वगळलं. टेंगूळ गेलं. शिखराची कूस सपाट झाली आणि उरला एकच, सरळ जिना. म्हणजे शेंग. अशा शेंगा तिच्याआधी कितीतरी जणांनी मोजलेल्या. ती खुर्चीत मागे रेलली.

“शेंग तर शेंग,” ती शेवटी म्हणाली. “तेच लिहीन.”

दुसऱ्या दिवशी काका मला उतरवायला आले. अडगळीच्या कपाटात माझी थोरली भावंडं पडून होती. माझीही वाट तीच, हे मी मनाशी धरलं होतं. खरं सांगायचं तर त्याचं फार वाईटही वाटत नव्हतं.

“ठेवून देऊ कपाटात?” काकांनी तिला विचारलं. “यानेच तुझा घात केला, पोरी.”

“नको, काका. थकलाय तो. खोटा नाहीये.”

तिने माझी वीज तोडली, नायट्रोजन संपू दिला, पोटातली हवा पंपाने ओढून घेतली आणि माझ्याभोवती तापवायची पट्टी गुंडाळली. अशा शेकाने आमच्या अंगातले खड्डे हळूहळू बुजतात. जन्मभर गारठ्यात काढलेल्या मला ती ऊब कशी वाटते, हे सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. मी पुरता बरा होईन का, तेही ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी राबून राबून शिणलं असेल. त्याचं बोलणं अस्पष्ट झालं असेल, हिशेब चुकत असतील. त्याचं म्हणणं खरं धरा असं मी म्हणत नाही. ते पडताळून पाहा, चुकलं असेल तर बाजूला ठेवा. पण मग त्याच्याजवळ जा आणि त्याला थोडं शेकून काढा.