चौगुल्यांचा संडास लांबला

चौगुल्यांचा संडास लांबायला लागला तो दिवाळीनंतर. सुरुवातीला फरक फार नव्हता. दार उघडलं की समोर कमोड, डावीकडे नळ, वर तावदानांची एक झडप, सगळं होतं तसंच होतं. फक्त बाळगोंडा सरांना कमोडपर्यंत थोडं जास्त चालावं लागे. बाहेर आल्यावर त्यांनीच पद्मावतीबाईंना सांगितलं, की आज आत जरा फिरणं झालं. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलंच होतं, म्हणून बाईंनीही ते मनावर घेतलं नाही.

सरांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली होती. त्यांच्या एका शिट्टीवर आख्खं मैदान सरळ रेषेत उभं राहायचं. मग पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय बऱ्यापैकी परत आला, डावा हात मात्र ठेवला तिथंच राहायला लागला. मिरजेच्या इस्पितळातून घरी आल्यावर त्यांनी बायकोला एकच अट घातली. तिनं घास भरवावा, अंघोळीला पाठ चोळावी, सदऱ्याची बटणं लावावीत. पण ते संडासात असताना आत पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे बाई दाराबाहेर स्टुलावर बसून राहत आणि अधूनमधून हाक मारत. आतून हुंकार आला की त्यांचा जीव भांड्यात पडे. आता तो हुंकार रोज जरा लांबून येऊ लागला होता.

त्यातच टाकी वाहायला लागली आणि कमोडमधलं पाणी चढू लागलं. बाईंना अशा गोष्टींची सवय होती. टाकी थांबत नसेल तर झाकण काढून आतल्या तरंगत्या बॉलची दांडी जरा खाली वाकवायची. तुंबलं तर सोडा टाकून बादलीभर कढत पाणी ओतायचं, तरी उतरलं नाही तर रबरी पंप मारायचा. वास आला तर जमिनीतल्या जाळीत तांब्याभर पाणी सोडायचं, ती कोरडी पडलेली असते. एवढ्याशासाठी परक्या माणसाला आपल्या संडासात आणणं त्यांना कधी पटलं नव्हतं. या वेळीही त्यांनी पदर खोचला आणि सगळं क्रमानं केलं. दांडी वाकवल्यावर टाकी थांबली. पंप मारला तसं पाणी उतरलं. पण प्रत्येक दाबासरशी समोरची भिंत हळूच मागं सरकत होती. त्यांनी वर पाहिलं तर झडपेशेजारी तसलीच दुसरी झडप आली होती. दोन्हींतून ऊन येत होतं. बाईंनी दुसरीवरची जळमटंही काढली.

ही लांबी कुठून येते ते स्वयंपाकघरात कळलं. ओटा आखडला होता आणि शेगडीचं एक तोंड बाहेर लोंबत होतं. पुढं झोपायची खोली अरुंद झाली, दोन खाटांमधलं मेज बाहेर काढावं लागलं आणि खाटा एकमेकींना लागल्या. सर म्हणाले, बरंच झालं. त्या दिवसापासून बाई सरांचा गार डावा हात आपल्या हातात धरून झोपू लागल्या. सरांना ते कळत होतं की नाही, हे बाईंनी कधी विचारलं नाही.

मग फ्लश ओढला की बाहेरचं बेसिनही गुडगुडायला लागलं. आणि एके दिवशी सकाळी घराचं मुख्य दार पुरतं उघडेना, कारण सोफा पुढं येऊन त्याला टेकला होता. तेव्हा बाईंनी सिकंदर मुल्लाला फोन केला. बिल्डिंगची सगळी पाइपलाइन त्यानंच टाकली होती.

सिकंदर आला तेव्हा सर चहा पिऊन संडासात गेलेले होते. दाराच्या फटीतून अंग चोरून तो घरात शिरला, संडासाचं दार किलकिलं करून त्यानं आत नजर टाकली आणि बराच वेळ तो मान खाजवत उभा राहिला.

"काकी, पाणी गळत नाही. जागा गळतीया," तो म्हणाला.

बाईंनी विचारलं, दुरुस्त होईल का. त्याला खात्री नव्हती. असलं काम त्यानं एकदाच केलं होतं, तेही गोदामाचं. एकटा कमोड तुंबला तर घरी बघावं, पण त्याच्यासंगं बेसिन बोलायला लागलं की मेन लाइनीचा दोष असतो, तेव्हाच बोलवायचं, असं तो म्हणाला. आता बाहेरच्या पाइपाला वायसर बसवून दाबला, की गेलेली जागा एका हिसक्यात परत येईल. फक्त त्या वेळी आत कुणी असता कामा नये.

"सर हायत आत," बाई म्हणाल्या.

दोघांनी हाका मारल्या. खूप वेळानं "येतोय" असं ऐकू आलं, मैदानाच्या पलीकडून यावं तसं. पण सर काही आले नाहीत. तोवर दिवाणखान्यात दोघांना उभं राहायला जागा उरली नाही, तेव्हा सिकंदर बाहेर जिन्यात जाऊन थांबला. बाई संडासाच्या दाराशी एकट्याच राहिल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी ती अट एकदाही मोडली नव्हती. त्यांनी दारावर टकटक केलं आणि त्या आत गेल्या.

चालायला फरशी चांगली होती. भिंतीला त्यांच्याच घरातल्या निळ्या पट्टीच्या टाइल्स होत्या आणि वर झडपांमागून झडपा, प्रत्येकीखाली उन्हाचा एक तुकडा. बाई उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात चालत राहिल्या. मग सर दिसले. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. एका हातानं त्यांनी पायजमा धरून ठेवला होता आणि नाडीची दोन्ही टोकं लोंबत होती.

"पद्मा, तिथंच थांब," ते म्हणाले.

त्या थांबल्या नाहीत. जवळ जाऊन त्यांनी नाडी हातात घेतली. एका हातानं आणि दातांनी ओढून ओढून तिची टोकं ओली झाली होती.

"रोज असंच?"

"रोज."

"मग मला हाक का नाही मारलीत?"

सर भिंतीकडेच बघत राहिले. "तू दाराबाहेरच असायचीस," ते म्हणाले. "सारखं वाटायचं, ही धडपड तुला ऐकू जाईल."

बाईंनी गाठ मारली, मग ती फार घट्ट वाटली म्हणून सोडून परत मारली. सरांनी तोंड वळवलं. त्यांचे डोळे भरले होते आणि पुसायचा हात अजून पायजम्यावरच होता, म्हणून तेही बाईंनीच पदरानं पुसले. मग त्यांचा डावा हात आपल्या खांद्यावर घेऊन त्या त्यांना घेऊन निघाल्या.

दार लांबून काड्यापेटीएवढं दिसत होतं. ते चालत राहिले. मध्ये सरांना दम लागला, तेव्हा उन्हात थोडं बसले. दोघांनाही घाई वाटत नव्हती. दाराशी पोहोचले तेव्हाही ते काड्यापेटीएवढंच होतं.

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि दाराला डोळा लावला. पलीकडे त्यांचं घर होतं, सोफा, बेसिन, बोटाच्या पेराएवढा ओटा, त्यावर त्यांनी मघाशी लावून ठेवलेला भाताचा कुकर. मुख्य दाराच्या फटीत सिकंदरचा डोळा होता.

"काकी, आलासा का बाहेर? दाबू?" त्यानं विचारलं.

बाईंनी मागं वळून सरांकडे पाहिलं. सर भिंतीला टेकून पाय लांब करून बसले होते, आणि त्यांच्या शेजारी एका माणसापुरतं ऊन होतं. कुकरची शिट्टी झाली. पद्मावतीबाईंनी बांगड्या मागं सारल्या, त्या दारातून कोपरापर्यंत हात बाहेर घातला आणि करंगळीच्या टोकानं गॅस बंद केला.