कानसेन रेडिओवर जातात

पाय मोडून तीन आठवडे झाले होते. डॉक्टरांनी पायाला प्लॅस्टर घातलं, तोंडाला घालायचं मात्र राहून गेलं, असं कानसेनांची ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

चाळीस वर्षं पियानोचे सूर लावण्यात घालवलेला हा माणूस. लहानपणी घरातल्या दोन घड्याळांचे टोले एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून भोकाड पसरायचा. तेव्हा वडिलांनी कौतुकाने 'कानसेन' अशी हाक मारली, ती कायमची चिकटली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी दूरच्या गावी. एका जिन्यावरून पियानो उतरवताना हमालांना "सांभाळून, सांभाळून" म्हणता म्हणता स्वतःच घसरले आणि हॉस्पिटलातून थेट ताईच्या घरी येऊन पडले. ताई निवृत्त नर्स. तिने पुढच्या खोलीत खिडकीपाशी पलंग लावला, गोळ्यांच्या वेळा भिंतीवर चिकटवल्या आणि जाहीर केलं, "माझ्या वॉर्डात रडगाणं चालणार नाही."

रडगाणं चालूच होतं. "आता कोणाला हवेत सूर? विजेचे पियानो आलेत. बटण दाबलं की झालं काम. बरं झालं पाय मोडला, दुकान बंद करायला निमित्त मिळालं."

"दुकान कुठलं रे? एक पिशवी तर आहे तुझी."

"तीच बंद करतो."

ताईचा रविवार म्हणजे रेडिओ. सकाळी आठला प्रार्थनाघरातून थेट प्रार्थना, अकराला रेडिओ केंद्राच्या स्टुडिओतून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची मैफल आणि संध्याकाळी पाचला 'आवाहन'. आवाहनात कुठल्यातरी संस्थेचं माणूस येऊन पाच मिनिटांत आपली गरज सांगायचं. ताईने आजवर त्या पाच मिनिटांपायी दोन कपाटं रिकामी केली होती. सोमवारी सकाळी ब्लँकेट, स्वेटर, पुस्तकं, जे मागतील ते घेऊन ही हजर.

त्या रविवारी प्रार्थना सुरू झाली. पायपेटीवर चाल वाजली, शेदोनशे माणसं एका आवाजात गायला लागली. ताई डोळे मिटून इस्त्री करत होती. हे तिचं तिलाच जमायचं. पलंगावर कानसेन ताडकन उठून बसले.

"अडकला!"

"काय? पाय?"

"सूर! वरचा धैवत. पट्टी खाली गेलीय ती वर यायलाच तयार नाही. ऐक ना, मागे एकसारखा किरकिरतोय तो."

गाणं संपलं, प्रवचन सुरू झालं, तरी तो बारीक सूर डासासारखा गुणगुणत राहिला. वाजवणाऱ्याने भाता दाबायचं थांबवलं असतं तर सूरही थांबला असता. पण प्रवचनाच्या मागे मंद संगीत ठेवायची तिथली रीत होती. कानसेनांना राहवेना. त्यांनी हात लांब करून फोन ओढला आणि केंद्राचा नंबर फिरवला.

"तुमच्या प्रार्थनेत एक सूर अडकलाय."

पलीकडे रविवारच्या ड्युटीवरचे अधिकारी होते. "काका, प्रार्थना आमची नाही, प्रार्थनाघराची. आम्ही फक्त पोचवतो."

"मग एक निरोप पोचवा. तिथे तुमचा इंजिनिअर बसला असेल. त्याला म्हणावं, वाजवणाऱ्याला चिठ्ठी दे: वरच्या धैवताच्या पट्टीखाली नख घाल आणि शेजारच्या काळ्या पट्टीपासून जरा बाजूला रेट. बास."

"आणि तुम्ही कोण?"

"मी कोणी नाही. माझे कान दुखतायत."

पाचेक मिनिटं गेली. प्रवचनकार सांगत होते, "मनातली गडबड अशी एका क्षणात शांत होते," आणि नेमका त्याच क्षणी तो सूर बंद पडला. खोलीत एकदम मोकळं मोकळं वाटलं. ताईने इस्त्री उभी ठेवली आणि भावाकडे बघत राहिली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कानसेन हसले होते.

पावणेदहाला फोन वाजला. तेच अधिकारी, पण आवाज पार बदललेला.

"काका, तुमचा नंबर इथे उमटला होता म्हणून बरं. घोडं अडलंय. आमच्या पियानोचा एक सूर काल रंग देणाऱ्यांनी पियानो हलवल्यापासून घसरतोय. सूर लावणारे गावाला गेलेत. आज पियानो वाजवणाऱ्या वादिकाबाई म्हणतात, हा सूर नीट झाल्याशिवाय वाजवणार नाही. अकराला मैफल थेट आहे. तुम्ही पायपेटी फोनवरून दुरुस्त केलीत, तसं काही..."

"पियानो फोनवरून होत नाही," कानसेन म्हणाले. "आणि माझा पाय..."

ताईने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "अर्ध्या तासात आणते. खाली एक खुर्ची तयार ठेवा."

"ताई, अगं मी निवृत्त झालोय!"

"होशील उद्यापासून. आज रविवार आहे."

खालच्या मजल्यावर बेकरीवाला राहायचा. त्याची गाडी सकाळचे पाव पोचवून नुकतीच परत आली होती. त्याने आणि ताईने मिळून कानसेनांना रिकाम्या पाट्यांमध्ये आडवं बसवलं, पाय दोन पोत्यांवर, मांडीवर कुबड्या आणि अवजारांची पिशवी. गाडीत ताज्या पावाचा वास भरून राहिला होता. प्रत्येक वळणावर पाट्या खडखडत, कानसेन "हळू!" ओरडत आणि बेकरीवाला म्हणे, "काका, पाव कधी तक्रार करत नाहीत."

केंद्राच्या दारात ते अधिकारी उभेच होते. सगळा स्टाफ त्यांना घड्याळमामा म्हणायचा, कारण बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघायचे. डोक्यावर घड्याळ नसलं तरी. "दहा अठरा," असं त्यांनी स्वागत केलं.

स्टुडिओला नव्या रंगाचा वास येत होता. वादिकाबाई हातात गरम पाण्याची पिशवी धरून कोपऱ्यात बसल्या होत्या. "एकच सूर आहे," त्या म्हणाल्या, "पण दुसऱ्या रचनेत तो इतक्यांदा येतो की मला रडू येईल."

कानसेनांनी प्लॅस्टरचा पाय स्टुलावर टाकला, पियानोचं झाकण वर करायला लावलं आणि पट्टी दाबली. त्या एका सुराच्या तीन तारा. जाड लोकरी नमद्याच्या पाचरी घालून त्यांनी दोन मुक्या केल्या. तिसरी वाजवली आणि नाक मुरडलं. तार चांगली होती. ती ज्या खुंटीला गुंडाळली होती ती खुंटीच भोकात सैल झाली होती. सूर लावायच्या चावीने पिळली की सूर चढे आणि हात काढला की पुन्हा ओघळे.

"हिला भोकात घट्ट बसवायला हवं. पॉलिशपेपरचा तुकडा लागेल." त्यांनी पिशवी उपसली. "नाहीये! संपलाय!"

घड्याळमामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दहा एकतीस. रविवार. हार्डवेअरवाले बंद."

वादिकाबाई उठल्या, पर्स उघडली आणि नखं घासायची कागदी पट्टी काढून पुढे केली. "हे चालेल?"

"अहो, धावेल!" कानसेन म्हणाले.

त्यांनी पट्टीवरचा खरखरीत कागद सोलला, तार अलगद सोडवली, खुंटी काढली, कागद भोकात सरकवला, खुंटी परत फिरवत बसवली. ताई ऑपरेशन थिएटरात असल्यासारखी एकेक अवजार हातात देत होती. मग त्यांनी तार ताणत आणली. तिचा आणि शेजारच्या तारेचा सूर एकत्र वाजला की हवेत लाटा उठत: आधी भराभर, मग सावकाश, मग अगदी लांब लांब. शेवटी लाटा विरल्या आणि एकच सरळ, गोल आवाज उरला.

"दहा छप्पन," घड्याळमामा म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

कानसेन मैफलीभर काचेपलीकडच्या खोलीत बसले. इतकी वर्षं ते लोक यायच्या आत मागच्या दाराने निघून जात आले होते. आपण लावलेला पियानो मैफलीत ऐकायचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. दुसरी रचना सुरू झाली. तो सूर आला, परत आला, पुन्हा पुन्हा येत राहिला, दर वेळी धुतल्यासारखा स्वच्छ. कानसेनांनी चष्मा काढून पुसला. काचांना काही झालं नव्हतं, हे ताईला दिसत होतं.

मैफल संपल्यावर मागच्या खुर्चीवरून कोणीतरी विचारलं, "वरच्या टोकाचा एक सूर आजच लावलाय का हो? बाकीच्यांपेक्षा उजळ आहे."

कानसेन वळले. साठीच्या एक बाई, हातात पांढरी काठी. अंध मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. पाचच्या आवाहनासाठी आल्या होत्या आणि मैफल चुकू नये म्हणून सकाळीच येऊन बसल्या होत्या.

"तुम्हाला कळलं? अहो, वाजवणारीलाही कळलं नसतं! शिकलात कुठे?"

"कुठेच नाही. माझ्या मोठ्या वर्गात सहा मुली आहेत, सगळ्यांचे कान असेच. शाळा संपल्यावर त्यांना काम काय द्यायचं, या विचाराने मला झोप नाही. तुम्ही शिकवाल त्यांना हे?"

"छे, छे. मी सूर लावतो, शिकवत नाही. आणि धंदा बुडालाय, बाई. कशाला पोरींना बुडत्या बोटीत बसवता?"

"बुडालाय म्हणता," बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि सुट्टीच्या दिवशी, मोडक्या पायानिशी, तुम्हाला घरून उचलून आणलंय."

ताई खुदकन हसली. पाचच्या आवाहनाआधी ती तिथून हलणार नव्हती. दुपारी घड्याळमामांसह चौघांनी केंद्राच्या कँटीनमध्ये जेवण केलं. मधेच कानसेनांनी पाण्याच्या ग्लासवर चमचा वाजवला, आणि बाईंनी न विचारताच त्याचा सूर सांगितला.

पाच वाजले. लाल दिवा लागला. बाई ठिपक्यांच्या कागदावरून बोटं फिरवत बोलू लागल्या. शाळेला गरम कपडे हवेत, पुस्तकं वाचून दाखवायला माणसं हवीत. बाईंचं सगळं सांगून झालं, तरी पाऊण मिनिट उरलं. रेडिओवर शांतता म्हणजे घड्याळमामांना मरणच. ते काचेआडून हातवारे करायला लागले आणि मग आठवलं की बाईंना ते दिसत नाहीत. पण बाईंनी कागद बाजूला सारला होता.

"एक मागणं लिहून आणलेलं नाही. याच इमारतीत एक गृहस्थ आहेत. त्यांनी आज सकाळी तुमची प्रार्थना दुरुस्त केली आणि अकराची मैफल वाचवली. माझ्या सहा मुलींना त्यांची विद्या हवी आहे. ते नाही म्हणालेत. त्यांना अजून एकदा विचारते."

आणि त्या थांबल्या.

"हो म्हण की रे!" ताईने कोपराने ढोसलं.

कानसेनांनी कुबड्या ओढल्या. लाल दिवा लागल्यावर त्या दारातून माशीही आत जात नसे. घड्याळमामा दोन्ही हात पसरून आडवे आले, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच ते दार उघडलं. घराघरांतल्या रेडिओवर ऐकू आलं: टक, धप्प. टक, धप्प. मग एक दम लागलेला आवाज:

"मंगळवारी येतो. पाय प्लॅस्टरात आहे. कान मोकळे आहेत."

पुढचा तासभर केंद्राचा फोन खाली ठेवता आला नाही. कोणी वाचायला येतो म्हणालं, कोणी स्वेटर देतो म्हणालं. एका आजोबांच्या घरी तीस वर्षं न वाजलेला पियानो होता. "मुलींनी हवा तितका बिघडवावा," ते म्हणाले. वादिकाबाईंनी नखांच्या पट्ट्यांचं अख्खं पाकीट शाळेच्या नावाने ठेवून दिलं.

मंगळवारी बेकरीवाल्याने कानसेनांना शाळेत सोडलं. आजोबांकडून आलेल्या पियानोभोवती सहा मुली उभ्या राहिल्या. कानसेनांनी दोन तारा वाजवल्या, लाटा ऐकवल्या, हळूहळू तार ताणत आणली आणि हात काढून म्हणाले, "झालं. जुळली."

"नाही," टोकाला उभी असलेली सगळ्यात लहान मुलगी म्हणाली. "एक लाट आहे अजून. खूप लांब आहे, पण आहे."

कानसेनांनी डोळे मिटले, पट्टी दाबून धरली, श्वास रोखला.

"आहे," ते म्हणाले, आणि चावी तिच्या हातात दिली.