सहाव्या दाढेची शेजारीण

“अगं, भुंगीच्या मागच्या दाढा बघत जा जरा. काळं दिसतंय,” आत्या म्हणाली.

“अहो ताई, दुधाचेच दात ते! पडणारच आहेत,” आई हसली. आत्या दाराबाहेर पडल्यावर आई बाबांना म्हणाली, “दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारता पुकारता तुमच्या ताई डॉक्टरच झाल्या की!”

मित्रांनो, मी त्याच काळ्या दाढांपैकी एक. आता जुनी, किडकी, काचेच्या बाटलीत कापसावर पडलेली. कीव मात्र करू नका. तुमची कीव तुमच्याकडेच ठेवा आणि ऐका.

भुंगी जन्मायच्या आधीच तिच्या हिरडीत माझी घडण सुरू झाली होती. दिवसभर गुणगुणते म्हणून ती भुंगी. ती सव्वादोन वर्षांची झाली तेव्हा मी वर आले. कौतुक? छे! पटाशीचे दात आले तेव्हा फोटो निघाले होते, नातेवाइकांना फोन गेले होते. मी आले तर म्हणे, “किरकिर नको करूस गं!”

आणि हे पटाशीवाले करतात काय? धार आहे, कबूल. सफरचंदाचा तुकडा तोडतात. तोडला की पुन्हा ओठांच्या खिडकीत हसायला उभे! शेजारी टोकदार सुळे. पावाची चिवट कड ओढून फाडतात आणि उरलेला दिवस वाघ असल्याचा आव आणतात. पुढचं सगळं आम्ही दाढांनी निस्तरायचं. आमच्या माथ्यावर उंचवटे आणि खाचा असतात त्या त्यासाठीच. जीभ घास आमच्याकडे सरकवते, वरची दाढ खालच्या दाढेवर बसते आणि गाजर असो की शेंगदाणा, भरडून, लाळेत कालवून मऊ होतो. मगच तो पोटाला झेपतो.

पण भुंगीकडे भरडायला होतं काय? सकाळी शाळेची गाडी दारात हॉर्न वाजवायची. मग आई दुधात बुडवलेलं गोड बिस्किट तिच्या गालात कोंबायची. “गालात ठेव आणि पळ. वाटेत गिळ!”

बिस्किट कसलं, लगदा नुसता! दुपारपर्यंत माझ्या खाचांत बसून राहायचा. त्या गोडावर जंतू पोसायचे आणि त्यांच्या आम्लाने मी झिजायचे. ब्रश? तो पुढच्या दातांचा हुजऱ्या. आरशात पांढरं दिसलं की काम संपलं. साहेबांना मागची गल्ली ठाऊकच नव्हती.

मला भोक पडलं. भुंगी चावायची बंद झाली, घास तसेच गिळू लागली. पोट दुखायचं. आई म्हणायची, “खायचा कंटाळा, दुसरं काय!” शिकलेली बाई, पण लेकीच्या तोंडात डोकावून बघेल तर शपथ.

त्याच सुमारास माझ्या मागे एक नवी दाढ वर आली. रुंद, लख्ख. ती यायला कुठला दात पडावा लागला नाही, म्हणून घरात कोणाला पत्ताच नाही. तिच्याही खाचांत तोच लगदा जाऊन बसला. मी स्वतःच सडलेली, तिला काय वाचवणार?

एका सकाळी भुंगीचा गाल सुजला. नेलं शेवटी आत्याच्याच दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला.

“ही काढावी लागेल.”

“काढा हो, दुधाचीच आहे.”

“आणि मागची? तिच्यावरही डाग आहे.”

“ती पण दुधाचीच ना? हिचा अजून एकही दात पडला नाही.”

“पडायचा कशाला? पुढच्या दातांच्या मधोमध बोट ठेवा आणि मागे मोजत या. पाच दुधाचे. ही सहावी. ही कायमची. म्हातारपणापर्यंत हिच्यावरच चावायचंय तिला. पडली तर दुसरी येत नाही.”

आई पहिल्यांदाच तिच्या तोंडात डोकावली. “वाचेल ना हो?”

“डाग वरवर आहे. तुम्ही अजून दोन महिन्यांनी आला असतात तर सांगता आलं नसतं.”

सहावीचा डाग कोरून भरला. ती वाचली. मला उपटलं. भुंगी सहा वर्षांची. माझी आणखी पाच वर्षं नोकरी बाकी होती. माझी जागा मोकळी राहिली तर सहावी पुढे कलंडते आणि माझ्या जागी यायला खाली वाढणाऱ्या कायमच्या उपदाढेची वाट अडते. म्हणून तिथे तारेची कडी बसवली. म्हणे, पडणारच होती! पडणं वेगळं आणि उपटणं वेगळं.

“आत्या,” कापूस चावत भुंगी बोबडं बोलली, “आईला सांग ना, बिस्किट नको. मी लवकर उठीन आणि चावून खाईन.”

आत्याने आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे पाहत होती.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी सहा-सात वर्षांचं कोणी असेल. खात नाही म्हणून रोज बोलणी ऐकत असेल. त्याच्या हसऱ्या पुढच्या दातांवर जाऊ नका, ते फसवे. त्याला उजेडात बसवा, आ करायला सांगा आणि मधून मोजत सहाव्या जागेपर्यंत जा. मोठी माणसं म्हणतील, दुधाचेच आहेत. म्हणू द्या. काळं दिसलं तर त्यांना हाताला धरून आणा आणि दाखवा.

आधी जा, बघून या.