सायकलच्या ट्यूबची पट्टी

अंगणातला लाल डाग आधी माझ्या सासूबाईंना दिसला. माझी गाडी उभी असते तिथं, तळहाताएवढा, लालभडक आणि ओला. त्यांना वाटलं, कोणीतरी कुंकवाचं पाणी टाकून घरावर करणी केली. मला सांगितलं तर मी घाबरेन, अंगावरचं दूध आटेल, लेक सुरभी उपाशी राहील. म्हणून त्या गप्प राहिल्या. सुरभीला घेऊन मी शाळेत शिकवायला निघाले की डागावर शेणाचा जाड सडा टाकायचा आणि लिंबू कापून दोन बाजूंना फेकायचं. असे नऊ दिवस.

दहाव्या दिवशी, शनिवारी, शाळेच्या अलीकडच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी जागची हलेना, आणि मागच्या सीटवर सुरभी.

माझ्या डाव्या पायात चौथ्या वर्षापासून जोर नाही. गुडघ्याखाली पट्ट्यांचा लोखंडी कॅलिपर असतो. क्लच दाबणं मला जमत नाही, आणि कडेवर लेकरू घेऊन एसटीची पहिली पायरी चढणं त्याहून नाही. त्यामुळे पिंटूदादानं भाऊबीजेला ही गाडी दारात आणली तेव्हा मी तिच्याभोवती दोनदा फिरून आले. पंधरा वर्षं जुनी कार, पण क्लच नसलेली, आपले आपण गिअर बदलणारी. "घे, आता तुले कोणाच्या हातापाया पडाची गरज नाई," दादा म्हणाला. पहिल्या दिवशी सुरभीला मागं बसवून मी एकटीच नेरच्या बाजारात जाऊन आले. घ्यायचं काही नव्हतं. नुसती जाऊन आले.

बाबांच्या सात एकरांवरचा माझा हक्क सोडायचा कागद सोमवारी घाटंजीला व्हायचा होता. आमच्याकडे बहिणी साडीचोळीवर सही करून मोकळ्या होतात. माझ्या भावानं तर मला पाय दिले होते. सगळ्यांना मी हेच सांगत होते.

गाडी ओढून हिरासिंगभाऊंच्या गॅरेजला नेली. ते खाली शिरले आणि लाल बोटं घेऊन बाहेर आले. "ताई, ह्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल लाल असते. गळून गळून संपलं. अंगणात डाग नाई दिसला?"

मी घरी फोन लावला. गाडीतून लाल तेल गळतंय म्हणून सांगितलं. मग सासूबाई म्हणाल्या, "अवं माय! तेल होतं काय थे? मी त नऊ दिवसापासून लिंबं कापून राह्यली!"

मी हसले. खरंच हसले.

"गळती नवी नाई पण," हिरासिंगभाऊ म्हणाले. "तेल थंड कराले नेते थे नळी फाटली होती. कोणं तरी पट्टी गुंडाळली, अन् वरून चिखल थापला, दिसू नाई म्हणून. गाडी तुमच्याकडे येण्याच्या आधीचीच आहे हे करामत." त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली.

सायकलच्या ट्यूबची पट्टी. दोन वेढे सरळ, तिसरा तिरपा, टोक आत खोचलेलं, वर तांब्याची तार. आणि तारेचं टोक आतल्या बाजूला वळवलेलं.

लहानपणी माझ्या कॅलिपरचा पट्टा तुटायचा तेव्हा दादा मला कडुनिंबाखाली बसवून असाच बांधायचा. दोन सरळ, एक तिरपा. तारेचं टोक आत वळवायचा, माझ्या पिंढरीला टोचू नये म्हणून.

गाडीला कुठं पिंढरी असते? पण हात तसाच वळला होता त्याचा.

सोमवारी नवी नळी आणि नवं तेल घातलेली गाडी घेऊन मी घाटंजीला गेले. सुरभीला मांडीवर घेऊन सासूबाई शेजारी बसल्या होत्या. रस्ताभर मी एकच ठरवत होते. त्याला कळलं नसेल, गाडी विकणाऱ्यानं फसवलं असेल, यानं बिचाऱ्यानं मला अडचण नको म्हणून बांधून दिलं असेल आणि सांगायचं विसरला असेल. तसं असलं तर सही करायची.

रजिस्ट्री ऑफिससमोर दादा पेढ्यांचा डबा आणि साडीची पिशवी घेऊन उभा होता. मी उतरले. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. आधी वाकून गाडीच्या खाली पाहिलं.

मग म्हणाला, "बरी चालून राह्यली ना गाडी?"

मी पट्टी त्याच्या हातावर ठेवली.

तो तिच्याकडं बघत राहिला. "पुरी दुरुस्त करून देणारच होतो वं दीपा. आजचं काम होऊ दे म्हटलं आधी."

"आधी कायले?"

"गळते म्हणून सांगतलं असतं त तू गाडी घेतली असती काय? अन् मंग सही..." तो थांबला.

"दादा, चढावर बंद पडली. सुरभी होती मागं."

"मले काय माहीत इतक्या लवकर..."

"तू नुसतं म्हणला असता ना, दीपा, सही दे, त मी एसटीनं आली असती. रांगत आली असती."

"मंग दे ना आता," तो हळूच म्हणाला. "आत सारे थांबून हायेत."

त्याच्या कपाळावर घाम होता. लहानपणी पट्टा आवळताना यायचा तसाच. मला तो पुसावासा वाटला. मी वळून गाडीत बसले.

"दीपा! अवं, लोकं काय म्हणतीन?"

सुरभी मामाला टाटा करत होती. तिला कुणी थांबवलं नाही.

गावाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. ती ओलांडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "थांबव वं जराशी." सुरभीला माझ्याकडं देऊन त्या उतरल्या. मी गाडी दहा पावलं पुढं घेतली. गाडी आधी उभी होती तिथं त्या गुडघे टेकून वाकल्या, हातानं माती चाचपली, तळहात उन्हात धरून पाहिला.

"कोरडं हाय," त्या ओरडल्या. "एक थेंब नाई!"

तेव्हा मला रडू आलं.