वजन नसताना दिलेले उत्तर

मला राग आला आहे, मित्रांनो, आणि तो मी लपवणार नाही. मी एक जुने फंक्शन आहे. संगणकाला सांगितलेल्या कामाचा एक छोटा तुकडा. कुंभकोणमच्या एका बालरुग्णालयातल्या संगणकात मी राहते. माझ्याकडे मुलाचे वजन द्यायचे आणि मी तापाच्या औषधाची मात्रा सांगायची, एवढेच माझे काम.

माझा जन्म याच गावातल्या मेलकावेरी भागात, एका घराच्या पुढच्या खोलीत झाला. नागलक्ष्मीअक्कांनी मला ओकॅमल नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिले. अक्कांचे पूर्वज मराठे राजांच्या काळात इकडे तमिळ मुलखात आले. घरात अजून जुनी मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. त्या भाषेची, म्हणजे ओकॅमलची, एक चांगली खोड आहे. एखादी शक्यता हाताळायची राहिली की ती लगेच टोकते. अक्कांनाही तिने टोकले, "वजन नसेल तर काय?" तेव्हा अक्कांनी मला दोन वाटा दिल्या. वजन असेल तर मात्रा सांग. वजन नसेल तर ‘उत्तर नाही’ म्हण आणि गप्प राहा.

आणखी एक संस्कार त्यांनी माझ्यावर केला. मी काही आठवून ठेवायचे नाही. मागचे मूल कोण होते, बाहेर ऊन आहे की पाऊस, याच्याशी मला कर्तव्य नाही. तेच वजन दिले की तेच उत्तर. अशा फंक्शनला शुद्ध म्हणतात. मला त्याचा गर्व होता आणि अजून आहे. आडुतुरैला आरोग्य शिबिर भरले तेव्हा मुलांच्या वजनांची अख्खी यादी एका दमात माझ्यातून ओवून काढली होती. एकही उत्तर चुकले नाही. डॉक्टरांनी अक्कांच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली होती.

पण इथल्या लोकांना तान्ह्या मुलाचे वजन चारचौघांत करायचे नसते. दृष्ट लागते म्हणे! आयाबाया मुलाला पदराखाली लपवत, वजनाचा रकाना रिकामा राही आणि मी अडून बसे. शिवाय एकाच मुलाला तापाची दोन औषधे असली तर परिचारिका सरोजाला तेच वजन पुन्हा भरावे लागे. तक्रारी सुरू झाल्या. अक्का तेव्हा लेकीच्या, दिव्यश्रीच्या, बाळंतपणात गुंतल्या होत्या, म्हणून काम गेले त्यांच्या हाताखालच्या विजयराघवकडे.

त्या उंटावरच्या शहाण्याने काय करावे? माझ्याशेजारी संगणकाच्या स्मृतीतली एक डबी ठेवली. तिच्यात मागचे वजन राहायचे. रकाना रिकामा दिसला की डबीतले वजन घे आणि उत्तर दे! एका मुलावर, दोन औषधांवर त्याने हे तपासून पाहिले. चालले. मग दुसऱ्या मुलावर तपासायला याचे हात कुणी धरले होते? माझी शुद्धता गेली आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला असे बोलू लागले. सगळे खूश झाले, कारण आता मी अडत नव्हते.

गेल्या शुक्रवारी दिव्यश्रीच्या तान्हीला ताप आला. अक्का दोघींना घेऊन रुग्णालयात आल्या. सरोजाने वजनकाट्याकडे बोट दाखवले.

"आज शुक्रवार, आजची दृष्ट फार वाईट. एवढ्या माणसांसमोर नको," अक्का तमिळमध्ये म्हणाल्या. "वजन लागणारच असेल तर मशीन अडेल. मग बघू."

हे त्या म्हणाल्या! ज्यांनी मला अडायला शिकवले, त्याच! संताप संताप झाला माझा. आणि मला अडता येत नव्हते. आधीचा रोगी दहावीतला दांडगा मुलगा होता. डबीत त्याचे वजन होते. त्या वजनाची मात्रा मी तान्हीच्या नावावर छापून दिली.

सरोजाने औषध मोजून दिव्यश्रीच्या हाती दिले. बाळाने तोंड उघडले. तेवढ्यात अक्कांनी लेकीचा हात गच्च धरला.

"थांब गे! वजन दिलंच नाही मीं. मग हें उत्तर आलं कोठून?"

अक्कांनी तिथूनच विजयराघवला फोन लावला.

"अक्का, लोक रागावत होते. सारखं अडायचं तें," तो म्हणाला.

"अडावं म्हणूनच लिहिलं होतं त्याला, राघवा!" अक्का ओरडल्या. सगळी रांग वळून बघू लागली. "माझ्या नातीच्या ओठापर्यंत आलं होतं औषध!"

त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी बाळाची दुपटी सोडली आणि सगळ्यांच्या देखत तिला काट्यावर ठेवले.

"आई, दृष्ट..." दिव्यश्री पुटपुटली.

"दृष्ट घरीं जाऊन मिठानं काढीन. पोटांत गेलेलं औषध काय मिठानं निघतें?"

सरोजाने वजन भरले आणि मी खरी मात्रा सांगितली. बाटलीतले थोडेसेच औषध लागले. त्याच दुपारी अक्कांनी ती डबी माझ्याशेजारून उपटून टाकली. माझा राग मात्र गेला नाही, मित्रांनो. विजयराघववर आहे, आणि अक्कांवर थोडा जास्तच आहे.

तुम्ही उद्या माझ्यासारखी फंक्शने लिहाल. ती अडली तर चिडू नका, ती काय मागत आहेत ते आधी बघा. नसलेल्या गोष्टीच्या जागी जवळ पडलेली गोष्ट भरू नका. काल एका आजीने नातवाला पदराखाली झाकले आणि रकाना रिकामा सोडला. मी ‘उत्तर नाही’ म्हटले आणि गप्प राहिले. आजी मला खूप बोलली. शेवटी बडबडत का होईना, तिने पदर बाजूला केला.