पाद्र्याच्या मागे उभा

“हे पण ने रे, याऊकाका. काचेवर नक्कल उतरवून झाली माझी.” मुन-क्वा चिताऱ्यानं एक विलायती छापील चित्र पुढे केलं. “या गोऱ्याच्या नाकानंच माझा अर्धा पांढरा रंग खाल्ला! आजच्या आज जाळ बाबा. उद्या शिपाई दुकानं, घरं सगळ्यांची झडती घ्यायला येणार आहेत म्हणे.”

कँटनच्या गल्ल्यांतून माक याऊ लिहिलेले कागद वेचत असे. अक्षर पायदळी जाऊ नये, देवळाच्या भट्टीत जळावं, राख नदीला मिळावी, ही रीत. ‘अक्षर वेचा, उराशी धरा, लेकरू होईल शहाणं’ असं गुणगुणत तो वीस वर्षं फिरला. स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. लेक पुई मात्र शहाणा झाला. इतका शहाणा, की एका गोऱ्या पाद्र्याला भाषा शिकवू लागला, त्याचा धर्मग्रंथ चिनीत उतरवू लागला. परक्याला भाषा शिकवणं म्हणजे गुन्हा. दोन वर्षांपूर्वी तुरुंगातून पुईचे जोडे तेवढे घरी आले.

चित्रात पाद्री खुर्चीवर ऐसपैस बसलेला, बोट पोथीवर. त्याच्या मागे अर्धवट अंधारात, अक्षरांचा कागद धरून एक चिनी माणूस उभा. याऊनं चित्र उजेडाकडे धरलं. तो कान! पुईचाच, थेट त्याच्या आईसारखा वरून जरासा दुमडलेला.

“काय काका, ओळखीचा निघाला की काय?”

“छे! आपल्याला कोण विचारतंय विलायतेत?”

भट्टीपाशी देवळाचा राखण्या म्हणाला, “आज टोपली हलकी दिसते.”

“लोक लिहितात कमी, बोलतात जास्त.”

राखण्या हसला. “काही राहिलं असेल तर आण. दिवेलागणीपर्यंत भट्टी पेटती आहे.”

याऊच्या सदऱ्याआड कागद कुरकुरला.

घरी आल्यावर त्यानं भरदुपारी दाराला कडी घातली. बायकोनं हात पुसले, चित्राकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहतच राहिली.

“वाळलाय हो.” मग तिचा आवाज चढला. “आणि हे काय? आपण मेला बसलाय, अन् माझ्या पोराला उभं ठेवलंय?”

“त्यांच्यात चित्रं तशीच काढतात.”

“पाय भरून येत असतील त्याचे.”

“पुईच्या आई, हे ठेवता नाही यायचं. उद्या सापडलं, तर तुलाही नेतील.”

“मला कळत नाही का ते?”

घरात एकच चौरंग होता. तिनं तो पदरानं पुसला, भिंतीशी सरकवला, त्यावर चित्र टेकवून ठेवलं आणि स्वतः भुईवर बसली.

“भात होईस्तोवर बसू दे त्याला. मग न्या.”

याऊ दाराशी थांबला. भांड्याला उकळी फुटली होती. तिनं झाकण उचलून पाहिलं आणि चुलीतलं पेटतं लाकूड हळूच मागे ओढलं.